घोणस हाय, सर

नीलांबरीबाई निसळ यांना संशय घ्यायला फारसं कारण लागत नसे. दुधात पाणी किती आहे हे त्या दूध पातेल्यात पडल्याच्या आवाजावरून सांगत. नेवाशाच्या मुलींच्या शाळेत त्यांनी सव्वीस वर्षं मराठी शिकवलं; निबंध पोरीचा स्वतःचा की थोरल्या बहिणीकडून उतरवून आणलेला, हे त्यांना दुसऱ्या ओळीला कळायचं. पोरी पाठीमागे त्यांना फौजदारीणबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

पण गेल्या वर्षभरात बाईंच्या संशयाला दुसरं कामच उरलं नव्हतं. धाकटा भाऊ केदार आपसूक गेला नाही, त्याला कुणीतरी घालवला, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. आणि तो कुणीतरी कोण, हेही ठरून गेलं होतं. तिसगावचा कारभारी लवांडे.

केदार निसळ म्हणजे टीव्हीवरचा केदार, हे नगर जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही. दर रविवारी सकाळी साडेनऊला त्याचा ‘बांधावरचे शेजारी’ लागायचा. साप, घोरपड, तरस, घुबड, जे म्हणून शिवारात भेटेल त्याच्यासमोर हा गडी उकिडवा बसायचा आणि म्हणायचा, “काय हो शेजारी, आज इकडं कुठं?” बस्स, एवढ्यावर माणसं विरघळायची. बिनविषारी साप असला तर तो हातानं उचलून रानात सोडायचा, विषारी असला तर लांब आकड्यानं. आणि शेवटी दर वेळी एकच सांगायचा, साप चावला तर देवळात नाही, दवाखान्यात जा. नऊ वर्षं तेच ते सांगून त्यानं गावंच्या गावं शहाणी केली. स्वतःचं लग्न तेवढं करायचं राहून गेलं.

बेचाळिसाव्या वर्षी घोणस चावून तो गेला, तेव्हा नेवाशाच्या घरापुढे माणूस मावेना. ऊसतोडीच्या टोळीतली लंकाबाई नावाची एक बाई, तिच्या पाचटाच्या कोपीतून त्यानं कधीकाळी नाग काढून दिला होता, ती कुठून तरी तीन कोस चालत आली, दाराशी भाकरी-ठेच्याचं फडकं ठेवलं आणि आली तशी परत गेली. नीलांबरीबाई तोवर दगडासारख्या बसून होत्या. ते फडकं बघितलं आणि मग मात्र त्यांना आवरेना.

कार्यक्रमात केदारच्या जोडीला कारभारीमामा असत. साठीला टेकलेले, धोतर, पांढरी टोपी, हातात काठी. साप दिसला की मामांनी डोळे विस्फारायचे आणि ओरडायचं, “घोणस हाय, सर!” धामण असो, तस्कर असो, एकदा तर ठिबकची नळी होती, मामांची आपली घोणसच. मग केदार कॅमेऱ्याकडे बघून हसायचा, मामांना जरा नीट बघायला सांगायचा आणि खरं नाव सांगायचा. शाळाशाळांतून पोरं मधल्या सुट्टीत हेच खेळायची. आता हे वाक्य मामांच्या तोंडी घातलं होतं नीलांबरीबाईंनी. कार्यक्रमाचं सगळं लिखाण त्यांचंच, कुठं नावगाव न लावता, भावासाठी केलेलं. पहिल्याच भागाच्या वेळी त्या म्हणाल्या होत्या की नुसती माहिती कोण ऐकतंय, एक चुकणारा माणूस पाहिजे. लोक हसतील आणि हसता हसता शिकतील. झालंही तसंच.

तर ती गोष्ट अशी घडली. तिसगावच्या माळावर कुणाच्या तरी कडब्याच्या गंजीत साप दिसला म्हणून केदार, मामा आणि कॅमेरा धरणारा करण असे तिघं गेले. केदारनं गंजीत हात घातला आणि घोणस बोटाला डसली. तासाभरात नगरच्या दवाखान्यात पोचले, औषधही मिळालं, पण मूत्रपिंडं बसली आणि सहाव्या दिवशी सगळं आटोपलं. दवाखान्याच्या पायरीवर वार्ताहरांनी मामांना गाठलं. तुम्ही साप कोणता म्हणून सांगितलात, असं विचारलं. मामा मान खाली घालून म्हणाले, डुरक्या म्हणालो. डुरक्या साप घोणशीसारखाच जाडजूड आणि ठिपक्यांचा, पण त्याला विष नसतं. सर माझ्यावर विसंबले आणि माझं चुकलं, एवढं बोलून मामा निघून गेले. दुसऱ्या दिवशी ते सगळीकडे छापून आलं आणि कारभारी लवांडे हे नाव घ्यायच्या लायकीचं उरलं नाही.

लोकांनी शिव्या दिल्या आणि विषय सोडला. बाईंनी सोडला नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं. जो माणूस नऊ वर्षं ठिबकच्या नळीलासुद्धा घोणस म्हणतो, तो नेमका खऱ्या घोणशीला डुरक्या म्हणतो? आणि तोही जन्म रानात काढलेला माणूस? छे. हे चुकणं नव्हे, ह्यात काहीतरी काळंबेरं आहे.

त्यात आणखी एक. दवाखान्यातल्या पहिल्या दिवशी केदार शुद्धीवर होता. त्यानं बाईंचा हात धरून सांगितलं होतं की ताई, मामांना कुणी बोल लावू नका. बाईंनी त्यावर रात्रंदिवस विचार केला. ज्याचा काही दोष नाही, त्याला कोण कशाला बोल लावेल? म्हणजे केदारला काहीतरी कळलं होतं आणि तो आपल्या स्वभावाप्रमाणे पांघरूण घालत होता.

आणि कारणही सापडत होतं. केदार जायच्या महिनाभर आधी मामा रुसले होते. ते वाक्य मी आता म्हणणार नाही, म्हणाले. केदारनं फोन करून बाईंना विचारलं, तर बाईंनी साफ नकार दिला. प्रेक्षकांना तेच पाहिजे आहे, मामांची समजूत काढ, म्हणाल्या. म्हणजे मामांच्या मनात अढी होतीच. अढीतून माणूस काय करील सांगता येत नाही. खून नसेल, पण डोळ्यांदेखत हात घालू द्यायचा आणि गप्प उभं राहायचं, ह्याला तरी दुसरं काय म्हणायचं?

पोलिसांत जाऊन बघितलं. तिथला माणूस सज्जन होता, त्यानं चहा पाजला आणि विचारलं, बाई, सापाचं नाव चुकीचं सांगितलं हे मी कुठल्या कलमात बसवू? तेव्हा बाईंनी दुसरंच ठरवलं. मार्चच्या पहिल्या रविवारी तिसगावच्या शाळेच्या मैदानावर केदारचं पहिलं पुण्यस्मरण होतं. पंचक्रोशीतल्या शाळांची पोरं येणार होती, मोठा पडदा लावून त्याच्या जुन्या भागांची फिल्म दाखवणार होते आणि शेवटी बाई बोलणार होत्या. तिथंच, कारभारी लवांडेच्याच गावात, त्याच्याच माणसांसमोर त्याचं नाव घेऊन बोलायचं. मग त्याला तोंड लपवायला जागा राहणार नाही.

फिल्मसाठी वाहिनीनं सगळ्या भागांचं चित्रण पाठवलं. बाईंनी यादी लावून तपासलं, तर शेवटच्या दिवसाचं नव्हतं. फोन केला तर म्हणाले, कॅमेऱ्यातलं ते कार्ड आमच्यापर्यंत आलंच नाही, गर्दीत हरवलं. बाईंच्या कानात तेव्हाच पातेल्यातलं पाणी वाजलं.

गुरुवारी त्या एसटीनं नगर आणि तिथून मिरजगावला गेल्या. कॅमेरा धरणारा करण आता मिरजगावात लग्नांचं शूटिंग करत होता. बाईंना दारात बघून पोरगं पांढरं पडलं. आधी म्हणाला आठवत नाही, मग म्हणाला हरवलं असेल. बाईंनी वर्गातली जुनी युक्ती केली, नुसत्या बघत बसल्या. दोन मिनिटांत करणनं सांगून टाकलं, की दवाखान्यातच मामांनी त्याच्यापुढे हात जोडले आणि कार्ड मागून घेतलं. ते त्यांच्याकडंच आहे. कार्डात काय आहे ते मात्र त्यानं सांगितलं नाही. तुम्हीच बघा म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

परतीच्या गाडीत बाईंना जिंकल्यासारखं वाटत होतं. पुरावा लपवला म्हणजे पाप आहेच. आता काही बोलायलाच नको.

शनिवारी दुपारी त्या लॅपटॉपची पिशवी घेऊन तिसगावात उतरल्या. लवांड्यांचं घर विचारलं तर पानवाल्यानं उत्तर न देता नुसती मान झटकून दिशा दाखवली. वस्ती गावापासून लांब, चिंचेखाली दोन खोल्या. मामा दाराशी दावं वळत बसले होते. वर्षात माणूस अर्धा झाला होता. बाईंना बघून ते घाईघाईनं उठले आणि टोपी सारखी करत बायकोला पाणी आणायला सांगू लागले.

बाई बसल्या नाहीत. पाणीही घेतलं नाही. उभ्या उभ्याच म्हणाल्या, “लवांडे, कार्ड द्या.”

मामा म्हणाले, कसलं कार्ड. मग म्हणाले, ते टाकून दिलं. तेवढ्यात त्यांची बायको छबूबाई आत गेली, देवळीतली हळदीकुंकवाची डबी काढली, तिच्यातून कागदात गुंडाळलेलं कार्ड काढलं आणि बाईंच्या हातावर ठेवलं. मामा तिच्याकडे रागानं बघत राहिले. तिनं त्यांच्याकडे बघितलंच नाही.

बाईंनी तिथंच घोंगडीवर लॅपटॉप उघडला. मामा उठून चिंचेकडे निघून गेले. पडद्यावर माळ दिसला, कडब्याची गंजी दिसली आणि केदार दिसला, बाह्या वर सारलेला, घामेजलेला, जिवंत. पेंढ्यांच्या फटीतून सापाचं वीतभर अंग दिसत होतं, धुळीनं माखलेलं, ना डोकं ना शेपूट. केदार वाकला. आणि मामा पुढे आले. नेहमीसारखे डोळे विस्फारून नव्हे. त्यांनी केदारची बाही धरली होती.

“सर, हात नगा घालू. घोणस हाय.”

केदार कॅमेऱ्याकडे वळून हसला. म्हणाला, आली का आमच्या मामांची घोणस.

“सर, आज खरंच हाय. तुमच्या गळ्याची आन.”

केदार आणखी मोठ्यानं हसला. “वा मामा, आज शपथसुद्धा? हे ताईनं लिहिलेलं नाही, पण ठेवू. ताईला आवडेल.”

आणि हे म्हणताना तो कॅमेऱ्याकडेच बघत होता. गंजीकडे बघतच नव्हता. हसता हसता त्यानं बाही सोडवून घेतली आणि हात आत घातला.

पुढचं बाईंनी बघितलं नाही. त्यांनी लॅपटॉप मिटला आणि दोन्ही हात त्यावर दाबून धरले, जसं काही आतून काहीतरी बाहेर येणार होतं. वर्षभर ज्या गुन्हेगाराचा ध्यास घेतला होता, त्याचा पत्ता लागला होता. नेवासा, निसळांचं घर, खिडकीजवळचं लिहायचं टेबल. बाईंना आपलीच शिसारी आली.

बऱ्याच वेळानं मामा परत आले आणि जमिनीवर बसले. बाईंनी विचारलं, खोटं का सांगितलंत?

मामा म्हणाले, “माझं चुकनं लोकांच्या सवयीचं हाय, ताई. सरांचं न्हाई. सरच चुकलं म्हनल्यावर लोक दवाखाना सोडून पुन्ना देवळात जातील. त्यांनी येवढं केल्यालं समदं वाया. म्हनून म्हनलो, नऊ वर्सं खोटं बोललो, आनखी एक डाव.”

बाईंनी मग रुसव्याचं विचारलं. मामा सांगेनात. छबूबाईनं सांगितलं. त्यांच्या भावकीतल्या वैजनाथच्या गोठ्यात मामांनी गव्हाणीखाली घोणस बघितली होती. जीव तोडून सांगितलं, तर घरातली सगळी खो खो हसली, पोरांनी तर टीव्हीसारखं म्हणून दाखवलं. दुसऱ्या दिवशी दुभती गाय मेली. त्यानंतर मामांना झोप येईना. उद्या माणूस मरायचं, म्हणायचे. म्हणून ते वाक्य नको म्हणत होते. सरांनी तुम्हाला विचारलं, तुम्ही नाही म्हणालात, मग सरांचाही इलाज नव्हता.

म्हणजे मामांना ठाऊक होतं. नकार कुणाचा होता हे वर्षभर ठाऊक होतं, आणि ह्या माणसानं शिव्या खाल्ल्या पण ते नाव तोंडातून काढलं नाही. बाईंना मामांच्या पाया पडावंसं वाटलं. पण मामा इतके अवघडून बसले होते की त्यांना आणखी अवघड करायचं धाडस झालं नाही. त्यांनी पाणी मागितलं आणि तांब्याभर पाणी पिऊन टाकलं.

मग त्या म्हणाल्या, हे मी उद्या दाखवणार. मामांनी हात जोडले. सरांचं नाव जाईल, पोरांचा इश्वास उडंल, म्हणाले. बाई म्हणाल्या, उडू दे. केदारसुद्धा चुकला हे कळलं तर पोरं नुसत्या स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवून कुठं हात घालणार नाहीत. मामांना ते पटलं नाही. ते नाही नाहीच म्हणत राहिले. शेवटी छबूबाईच बोलली.

“दाखवा ताई. वरीस झालं, ह्यो मानूस हापशावर गेला की बाया घागरी उचलून माघारी फिरत्यात.”

मामांनी जोडलेले हात सोडले.

रविवारी सकाळी मैदान भरून गेलं. टेम्पोवर मोठा पडदा लावला होता, शेजारी केदारचा हसरा फ्लेक्स आणि त्याच्याखाली सगळ्या गावपुढाऱ्यांचे छोटे छोटे हात जोडलेले फोटो. पोरं ओळीनं सतरंज्यांवर बसली होती. मामा छबूबाईबरोबर आले आणि सगळ्यात मागे, सायकली लावल्या होत्या तिथं उभे राहिले. कुणी त्यांना बसा म्हटलं नाही. एक-दोघांनी तर इथं कशाला आला, असं ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं विचारलं.

बाईंनी ठरवलं होतं की आधी बोलायचं, मग चित्रण दाखवायचं. रात्रभर त्यांनी वाक्यं जुळवली होती. पण ऐन वेळी माईकसमोर उभ्या राहिल्या आणि एकही वाक्य आठवेना. सव्वीस वर्षं वर्ग गाजवलेली बाई, तोंडातून शब्द फुटेना. त्यांनी नुसता हात केला. निवेदन करणाऱ्या गोरक्ष मास्तरांना वाटलं, फिल्म सुरू करा म्हणतात. त्यांनी हौसेनं जाहीर केलं की आता बघू या आपल्या लाडक्या केदार सरांचा कधीही न दाखवलेला भाग.

पडद्यावर माळ आला. केदार दिसताच पोरांनी टाळ्या वाजवल्या. तो गंजीपुढे उकिडवा बसला आणि म्हणाला, “काय हो शेजारी, आज इकडं कुठं?” पोरांनीही एका सुरात त्याच्याबरोबर म्हटलं. मागे बसलेल्या बायांनी पदर डोळ्याला लावले. मग मामा पुढे आले, त्यांनी केदारची बाही धरली आणि म्हणाले, सर, हात नगा घालू, घोणस हाय.

अख्खं मैदान हसलं. नऊ वर्षांच्या सवयीनं, मनापासून, पोटभर हसलं. पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. गळ्याची आन म्हटल्यावर तर गोरक्ष मास्तरसुद्धा रुमाल तोंडाला लावून हसले. पडद्यावर केदार हसत होता आणि खाली हजारभर माणसं त्याच्याबरोबर हसत होती. बाईंनी चित्रण तिथंच कापलं होतं. केदारचा हसरा चेहरा पडद्यावर थांबला.

तेव्हा कुठं बाईंना आवाज फुटला.

“ती घोणसच होती,” त्या म्हणाल्या. “मामांनी खरं सांगितलं होतं. केदारनं ऐकलं नाही, कारण मामांची घोणस म्हणजे हसायची गोष्ट. ती गोष्ट मी लिहिली. हे वाक्य बंद करा, असं मामा म्हणाले होते. मी नको म्हटलं. मामा वर्षभर माझ्या भावासाठी खोटं बोलले. गुन्हेगार शोधत असाल तर मी इथं उभी आहे.”

हसू विझायला वेळ लागला. पुढच्या पोरांचं आधी थांबलं, मागच्यांचं नंतर. काहींना कळलंच नव्हतं, ती शेजाऱ्याला विचारत होती. मग माना वळायला लागल्या. एकेक करून सगळं मैदान मागे, सायकलींकडे बघू लागलं. मघाशी इथं कशाला आला म्हणणाऱ्या माणसानं बाजूला होऊन वाट करून दिली.

बाईंनी मामांना माईकवर बोलावलं. मामा यायला तयार नव्हते. छबूबाईनं पाठीला हात लावून ढकलल्यावर ते निघाले, सतरंज्यांच्या मधून, पोरांचे पाय चुकवत. व्यासपीठावर आल्यावर त्यांनी आधी पडद्यावरच्या केदारकडे बघितलं आणि टोपी काढून हातात घेतली. नऊ वर्षं ते टीव्हीवर होते, पण स्वतःच्या मनातलं कधी बोलले नव्हते. माईक तोंडाच्या किती जवळ धरायचा तेही त्यांना कळेना. बाईंनी तो धरून दिला.

“पोरांनो,” मामा म्हणाले, “आत्ता हसलात न्हवं?”

पुढच्या पोरांनी माना खाली घातल्या.

“सरबी आसंच हसलं हुतं.”

एवढं बोलून त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि ते खाली उतरले.